दिसला नाही

बुटाची नाडी बांधायला म्हणून ते खाली वाकले आणि वर उठलेच नाहीत. पडले नाहीत. वाकलेल्या जागीच हळूच टेकले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली, आणि खांदे वर-खाली, वर-खाली. मला आधी वाटलं, नाडीची गाठ बसली असेल.

"काय झालं?"

"काही नाही." मग एक श्वास. "जरा." मग आणखी एक. "दम खातोय."

मी जवळ जाऊन त्यांचं तोंड वर केलं. ओठ पिकल्या जांभळाच्या रंगाचे झाले होते.

सकाळचे सात वाजले असतील. लडाखमध्ये, त्सो मोरीरी नावाच्या सरोवराच्या काठावर, यांगचेन नावाच्या बाईच्या मातीच्या घरात आम्ही उतरलो होतो. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पाणी इतकं निळं होतं की बघवत नव्हतं. आणि माझा नवरा बुटाची नाडी बांधून दमला होता. तासन् तास उभा राहून माग दुरुस्त करणारा माणूस.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही इचलकरंजीचे. यांचं नाव बाहुबली मगदूम, मागांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. मी त्रिशला. मी मेंडिंगच्या कामाला जायची, कापडात तुटलेले धागे सुईनं भरायला. आमच्या घरात एकच पंखा होता आणि टीव्ही नव्हता. साबणाची चिपाटं दाबून मी नवी वडी करायची. कुणाच्या लग्नात आम्ही मोठा आहेर केला नाही आणि लग्नानंतर गुंजभर सोनं घेतलं नाही. एकुलती एक सन्मती, तिच्या शिक्षणाचं आधी बाजूला काढायचं, आणि मग जे उरेल ते पक्ष्यांसाठी.

होय, पक्ष्यांसाठी. यांना पक्ष्यांचं वेड. तीन वर्षं साठवून एक चांगली दुर्बीण घेतली होती. दर तीन-चार वर्षांनी एखाद्या पक्ष्यामागं आम्ही कुठंतरी लांब जायचो. रेल्वेचा साधा डबा, बरोबर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझी नणंद म्हणायची, "वहिनी, पक्षी बघायला कोण पैसे घालवतं? आपल्या दारात चिमण्या नाहीत व्हय?" मी नुसती हसायची.

या वेळचा पक्षी म्हणजे काळ्या मानेचा क्रौंच. राखाडी अंग, काळी मान, डोक्यावर तांबडा ठिपका, उभा राहिला तर माझ्या छातीला लागेल एवढा. उन्हाळ्यात तो त्या उंचीवरच्या दलदलीत पिल्लं घालतो. त्यासाठी चार वर्षं आम्ही पैसे जमवले होते.

मंगळवारी दुपारी आम्ही पोचलो. माझं डोकं फुटायला आलं होतं, म्हणून मी गोधडीत शिरले आणि हे एकटेच दलदलीकडं गेले. संध्याकाळी परत आले. मी डोळे न उघडताच विचारलं, "काय, दिसला का?"

"दिसला नाही," म्हणाले. "उद्या दिसेल."

आम्हाला आणणारी गाडी त्या रात्री मुक्कामाला होती. बुधवारी सकाळी ती लेहला परत गेली. पुढची गाडी शनिवारी. बुधवारी आम्ही दोघं दिवसभर दलदलीच्या कडेला बसलो आणि बदकं सोडून काही आलं नाही. हे खोकत होते. मी म्हटलं, वाऱ्यानं असेल.

आणि आता गुरुवार उजाडला होता.

"आज जायचं नाही. झोपा," मी म्हटलं.

"दहा मिनिटांची तर वाट आहे. चल."

"उभं राहून दाखवा."

ते उभे राहिले. दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. मग गोधडीवर आडवे झाले. आडवे झाल्यावर खोकला वाढला, म्हणून उठून भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं. पाणी पिताना मध्ये श्वास घ्यायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

तेव्हा मला आठवलं. लेहच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवला होता : वर हवा विरळ असते, वर जायच्या आधी तीन दिवस इथं विश्रांती घ्या, आणि दम लागायला लागला तर खाली उतरा, थांबू नका. आम्ही दोनच दिवस थांबलो होतो. तिसऱ्या दिवसाचं भाडं वाचवू या, असं म्हणणारी मीच होते.

दहा वाजता यांगचेन चहा घेऊन आली. पन्नाशीची, रुंद चेहऱ्याची बाई. हिंदी मोडकं बोलायची. तिनं यांच्याकडं एकदाच पाहिलं, चहा खाली ठेवला आणि मला हाताला धरून बाहेर नेलं.

"नीचे," ती म्हणाली. "जल्दी नीचे. मेरे भाई का ऐसा हुआ था."

"फिर?"

ती नुसती सरोवरापलीकडच्या डोंगराकडं बघत राहिली. 

गावात त्या दिवशी एकच गाडी होती. रिगझिन नावाच्या माणसाची जुनी जीप. तो पलीकडच्या मेंढपाळांच्या तळावर पीठ आणि रॉकेल पोचवायला निघाला होता, पोती भरत होता. मी त्याला सांगितलं. खाली नदीकाठी एक सरकारी दवाखाना आहे, तीन तासांवर, तो म्हणाला. नेतो. माल उतरवावा लागेल, मेंढपाळ वाट बघतायत, डिझेल दोन्हीकडचं. आणि त्यानं भाडं सांगितलं.

तो लुबाडत नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तेवढ्यात आमच्या घरी चार महिन्यांचा किराणा येत होता. माझ्या परकराच्या आतल्या खिशात शिवलेले पैसे होते, अगदीच अडलं तर म्हणून ठेवलेले. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत त्यांना हात लावायची वेळ आली नव्हती.

"पूछ के आती हूँ," मी म्हणाले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याचे ओठ निळे पडलेले असताना मी भाड्याचा विचार करायला परत आले.

"किती म्हणतोय?" यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"वेडी का काय?" आणि खोकला. खोकला थांबल्यावर, "शनिवारी. गाडी येतीयच की. दोन दिवस. बसून काढतो मी. घालवू नकोस."

"तुम्हाला श्वास घेता येईना झालाय."

"बसलं की बरं वाटतंय." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता, कारखान्यातल्या लोखंडासारखा. "उद्या नक्की दिसेल बघ. आज ऊन कडक आहे. उद्या येतील ते."

"मरू दे तो पक्षी!"

"तसं म्हणू नकोस, त्रिशला." अगदी काकुळतीला येऊन म्हणाले.

आणि मी त्यांचं ऐकलं. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं. चार वर्षं मी डोळे ताणून धागे भरले होते आणि या माणसाला त्याचा पक्षी न बघता परत न्यायचं, वर चार महिन्यांचा किराणा जीपवाल्याला द्यायचा, हे माझ्या जिवावर आलं होतं. मी मनाशी म्हटलं, दुपारपर्यंत बघू. बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला. आवाज लांब गेला. मी उठले नाही. मनात णमोकार मंत्र म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. हाताखाली, त्यांच्या पाठीच्या आत, काहीतरी खुळखुळत होतं. भरलेल्या हुक्क्यात पाणी वाजावं तसं.

तासाभरानं त्यांना ग्लानी आली. मी उशी सारखी करायला गेले तर उशीखाली त्यांचा रुमाल. घडी घालून अगदी आत सरकवलेला. मी उघडला. आत फेस होता, गुलाबी फेस, आणि काही डाग वाळून तपकिरी झालेले. म्हणजे आजचे नव्हते. कालचे. माझ्याशेजारी दलदलीच्या कडेला बसून हा माणूस रुमालात रक्त थुंकत होता आणि घडी घालून खिशात ठेवत होता.

मी ओरडत बाहेर पळाले. पळाले म्हणजे काय, वीस पावलांत माझीही छाती फुटायला आली. जीप नव्हती. चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. "यांगचेन! गाडी! गाडी गयी!"

ती गोठ्यातून आली. मी रुमाल तिच्यापुढं धरला. तिनं सरोवराच्या कडेनं नजर टाकली. पार लांब, पाण्याच्या दुसऱ्या अंगाला चढावर एक ठिपका होता. त्याच्यामागं धुळीची शेपटी. हाक तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

यांगचेन घरात गेली आणि कणीक मळायची मोठी पितळी परात घेऊन आली. शिडीनं घराच्या धाब्यावर चढली आणि परात उन्हात धरून हलवायला लागली. उजेडाचा एक तुकडा पाण्यावरून थरथरत पलीकडं गेला. ती परात डावीकडं करी, उजवीकडं करी, तोंडानं काहीतरी पुटपुटत. धुळीची शेपटी पुढं सरकतच होती.

मी खाली उभी होते. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटली नाही. सन्मतीचा चेहरा सारखा डोळ्यांपुढं येत होता. बारावीत होती पोरगी, नणंदेकडं ठेवून आलो होतो. तिला काय सांगायचं? गाडी दारात होती आणि तुझ्या आईनं भाडं जास्त म्हणून जाऊ दिली?

"रुका," यांगचेन वरून म्हणाली.

"क्या?"

"रुका! पानी डाल रहा होगा इंजन में." तिनं परात आणखी जोरात हलवली. पलीकडून दोनदा काहीतरी चमकलं. काच असावी. मग तो ठिपका वळला.

जीप परत यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी आणि यांगचेननं यांना दोन्ही बाजूंनी धरून दारापर्यंत आणलं. ते पाऊल उचलत नव्हते, फरफटत होते. "धोटा अडकलाय," मला म्हणाले. "माग बंद कर. धोटा अडकलाय आत." त्यांना आपण कारखान्यात आहोत असं वाटत होतं. मी म्हटलं, "केला बंद. चला."

रिगझिननं पोती खाली टाकली. मी खिसा उसवायला लागले तर म्हणाला, "बाद में, बाद में."

ती वाट मला फारशी आठवत नाही. यांना मागच्या बाकावर बसतं ठेवून मी पाठीमागून मिठी मारली होती, आडवं होऊ द्यायचं नाही म्हणून. माझा हात त्यांच्या छातीवर. एक श्वास. मग थांबा. मग दुसरा. मध्येच थांबा लांबला की मी हातानं ढोसायची, "घ्या! श्वास घ्या!" खड्ड्यात गाडी आदळली की मला कळायचं नाही की छाती हलली ती श्वासानं की खड्ड्यानं.

अर्ध्या वाटेवर नदी लागली. काठानं हिरवी दलदल. एका वळणावर रिगझिननं करकचून ब्रेक मारला. मला वाटलं दरड आली.

"मॅडम, देखो! आपका पंछी!"

रस्त्यापासून दगड फेकला तर लागेल एवढ्या अंतरावर दोन क्रौंच उभे होते. राखाडी, उंच. एकानं मान वर केली आणि आमच्याकडं पाहिलं. त्या माणसाला वाटलं, एवढ्या लांबून आलेत, निदान हे तरी पदरात पडू दे. त्याचा चांगुलपणाच होता तो.

"चलो!" मी किंचाळले. "रुको मत! चलो!"

त्यानं घाईनं गिअर टाकला.

दिवस कलताना आम्ही दवाखान्यात पोचलो. दोन खोल्या, चार खाटा. तिथली सिस्टर आंगमो नावाची तरुण मुलगी होती. तिनं छातीला नळी लावून ऐकलं, बोटाला चिमटा लावला आणि चिमट्यावरचा आकडा बघून माझ्याकडं बघायचं टाळलं. ऑक्सिजनची नळकांडी ओढत आणली, इंजेक्शन दिलं. "और दो घंटा वहाँ रहते," एवढंच म्हणाली. मग माझी अवस्था पाहून म्हणाली, "अभी नीचे आ गए ना. बैठो. चाय पियो."

मी बसले नाही. यांच्या पायाशी उभी राहिले.

सकाळी उजाडलं तेव्हा त्यांचे ओठ माणसाच्या ओठांसारखे दिसत होते. तोंडावर मास्क होता, डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होते. मी खाटेवर टेकले तेव्हा कळलं की माझे पाय सुजलेत.

"घाबरवलंत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"तुमचा पक्षी काही कुठं जात नाही. मी परत साठवते. चार वर्षांनी येऊ. या वेळी लेहला आठ दिवस राहू, काय व्हायचा तो खर्च होऊ दे." हे मी असंच बोलत होते, त्यांना बरं वाटावं म्हणून. या उंचीवर त्यांनी पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे सिस्टरनं मला आधीच सांगितलं होतं.

त्यांनी मास्क खाली ओढला.

"मी बघितला."

"काय?"

"क्रौंच. मंगळवारीच. पहिल्याच संध्याकाळी. नर, मादी आणि पायात घोटाळणारं पिल्लू." बोलताना दम लागत होता, पण बोलत राहिले. "अर्धा तास बघितला."

 "मग... दिसला नाही म्हणालात?"

"तू झोपली होतीस. दिसला म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसवलं असतंस मला. झालं तुमचं काम, उगाच तीन दिवसांचं भाडं कशाला, म्हणाली असतीस."

म्हणाले असते. मी अगदी याच शब्दांत म्हणाले असते.

"एकोणीस वर्षं तू माझ्या पक्ष्यांपायी पोटाला चिमटा काढतीयस. स्वतःला कधी धड लुगडं घेतलं नाहीस. हा एक तरी तुला नीट दाखवायचा होता. म्हणून थांबलो. तेवढंच."

"आणि रुमाल?"

ते चादरीची कड चाचपायला लागले.

माझा संताप संताप झाला. "त्यापायी मरायला निघाला होतात? मला एक पक्षी दाखवायला? सन्मतीला काय पक्ष्याचा फोटो दाखवायचा होता मी, तुमच्या बदल्यात?" मी इतकी ओरडले की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. 

थोड्या वेळानं मी म्हटलं, "मी पण बघितले. काल येताना. नदीकाठी दोन होते, अगदी रस्त्याजवळ. त्यानं गाडी थांबवली होती."

त्यांचे डोळे चमकले. तशा अवस्थेतही चमकले. "खरंच? कसे होते?"

"मान काळी होती."

"आणि? डोक्यावरचा ठिपका बघितलास? चालताना कसे..."

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "मी तुमची छाती हलतीय का ते बघत होते. मी ओरडून गाडी पुढं घ्यायला लावली."

 मग एकोणीस वर्षांत कधी न विचारलेलं त्यांनी विचारलं.

"तुला पक्षी आवडतच नाहीत ना, त्रिशला?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "नाही," मी म्हणाले. "मला ते सगळे सारखेच दिसतात."

"मग एवढी वर्षं? कशासाठी साठवत होतीस?"

हे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते. 

"कारखान्यातून येता ना तुम्ही, तेव्हा तुमचं तोंड एखाद्या बंद दुकानासारखं असतं. जेवता, झोपता, पुन्हा जाता. आणि दुर्बीण लावली की... मी बाजूला बसून तुमच्याकडंच बघते. पक्ष्याकडं नाही बघत. मला तेवढंच बघायचं असतं. ते दुसरं कुठं मिळत नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. खांदे हलायला लागले आणि मी घाबरून उभी राहिले. मला वाटलं, पुन्हा दम लागला.

सिस्टर आंगमो आवाज ऐकून आत आली. तिनं चिमट्यावरचा आकडा पाहिला, यांचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं, आणि मास्क उचलून परत त्यांच्या नाकावर बसवला.

"अंकल, रोना बाद में," ती रागावून म्हणाली. "नाक बंद होता है. अभी सिर्फ साँस लो."

आणि ते डोळे पुसत, शाळेतल्या पोरासारखे, सांगितल्याबरोबर श्वास घ्यायला लागले.